लेकीचा जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा : एजंट धरावा की कागद आपणच करावेत?

रानजाई | १९ जून २०२५, रात्री १०.१०

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझ्या मुलीला जर्मनीत एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे. पर्यावरण अभियांत्रिकी, बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यातलं एक विद्यापीठ. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं. एपीएसचं, म्हणजे भारतीय पदव्या तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र तिनं मार्चमध्येच मिळवलं, इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा झाली आहे, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचा एक कोर्सही केला. आता व्हिसा राहिला.

परवा आम्ही तिघं डेक्कनवरच्या एका कन्सल्टन्सीत गेलो. पासष्ट हजार सांगितले. त्यात अर्ज भरून देणं, एसओपी (हेच शिक्षण का घ्यायचंय ते सांगणारं निवेदन) लिहून देणं आणि 'व्हिसाची गॅरंटी'. ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे तिथल्या खर्चाचा पुरावा म्हणून आधीच गोठवून ठेवायच्या पैशांचा, विषय निघाला तर म्हणाले, पैसे कमी पडत असतील तर तेही आम्ही बघतो. मुलगी बाहेर पडल्यापडल्या म्हणाली, मी स्वतःच करणार. तिचे बाबा म्हणतात, एका चुकीपायी वर्ष गेलं तर काय, त्यापेक्षा पासष्ट हजार गेलेले परवडले. मला दोघांचंही पटतं आणि म्हणून झोप येत नाही.

दुसरी शंका. व्हिसा म्हणे सहाच महिन्यांचा मिळतो. शिक्षण दोन वर्षांचं. मग पुढे? तिथे विचारलं तर "ते तिकडे गेल्यावर आपोआप होतं" असं उत्तर आलं. सरकारी काम आपोआप कसं होईल?

सहकारनगरला राहतो. उद्या पालख्या पुण्यात येतायत, म्हणजे शनिवार-रविवार बाहेर पडणं नाही. तुमचे अनुभव निवांत वाचेन.

---

सायकलस्वार | १९ जून, रात्री १०.३२

'गॅरंटी' शब्द कानावर पडला की उठायचं आणि चपला घालायच्या. व्हिसा वकिलात देते. दुसऱ्या कुणाच्या हातात ते नाही.

---

गच्चीवरून | १९ जून, रात्री ११.५५

रानजाईताई, तुमच्या दुसऱ्या शंकेला आधी हात घालतो, कारण ती पहिलीपेक्षा मोठी आहे.

आपोआप काहीही होत नाही. पासपोर्टवर चिकटतो तो राष्ट्रीय व्हिसा, डी प्रकारचा. तो देशात शिरायला आणि सुरुवातीचे काही महिने राहायला. त्याची मुदत संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, निवास परवान्यासाठी अर्ज करायचा. विद्यार्थ्यांचा परवाना त्यांच्या निवास कायद्याच्या कलम १६ ब खाली मिळतो. पुढे शिक्षण संपेपर्यंत तो वाढवत न्यायचा. व्हिसा म्हणजे फाटक, परवाना म्हणजे घर. पुण्यात बसून आपण सगळे फाटकाचीच चर्चा करतो.

आता माझं झालं ते सांगतो. ऑक्टोबरात पोचलो. वसतिगृहात जागा नव्हती, एका मुलाची खोली चार महिन्यांसाठी भाड्यानं घेतली. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते, ते आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते मी केलं. निवास परवान्याचा अर्जही वेळेत टाकला. आणि मग वाट पाहत बसलो. डिसेंबर गेला, जानेवारी गेला, उत्तर नाही. विचारायला गेलो तेव्हा कळलं की भेटीच्या वेळेचं पत्र त्यांनी पाठवलं होतं आणि ते परत आलं. का? तर खालच्या पत्रपेटीवर माझं आडनाव नव्हतं. तिथला पोस्टमन पेटीवर नाव नसेल तर पत्र टाकत नाही, घेऊन परत जातो. खोली क्रमांक वगैरे पत्त्यात नसतोच, आडनाव हाच पत्ता. आपल्याकडे पोस्टमन "पाटलांचा नातेवाईक का?" म्हणून वरच्या मजल्यावर हाक मारतो, त्याची सवय मला.

व्हिसा संपायला तेव्हा नऊ दिवस होते. उणे सहा तापमानात पहाटे पाचला रांगेत उभा राहिलो. आतल्या बाई कडक होत्या पण न्यायी होत्या. माझा अर्ज मुदतीच्या आत पोचल्याची नोंद त्यांच्याकडे होती, म्हणून त्यांनी मला तात्पुरता दाखला दिला, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर आहे असं सांगणारा तो कागद. अर्जच उशिरा गेला असता तर मी अडकलो असतो.

तेव्हा लेकीला दोन वाक्यं पाठ करून पाठवा. व्हिसा संपायच्या आत अर्ज. पोचल्या दिवशी पेटीवर नाव.

---

जुईचा_वेल | २० जून, सकाळी ७.२०

पत्रपेटीचं हे कुठल्याच माहितीपत्रकात वाचलं नव्हतं. वाचनखूण साठवली. भाचा सप्टेंबरात चाललाय.

---

हिशेबनीस | २० जून, सकाळी ९.०५

मी सनदी लेखापाल आहे, त्यामुळे पैशांपुरतं लिहितो.

ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम १ सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो आहे. महिन्याला ९९२ युरो गुणिले बारा. आजच्या भावानं साधारण बारा लाख रुपये झाले. ही फी नव्हे, तुमच्याच मुलीचा वर्षाचा खर्च आहे. तिथे पोचून तिनं चालू खातं उघडलं की दर महिन्याला त्यात तेवढीच रक्कम सुटते. विद्यापीठाचा खर्च यात धरू नका. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७-१८च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. चार सत्रांचे सहा हजार. जर्मनीत शिक्षण फुकट असं ऐकून निघालेल्या माणसाला हा आकडा उशिरा कळतो.

टीसीएस (परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर) : एप्रिल २०२५ पासून परदेशी पैसे पाठवण्याची करमुक्त मर्यादा सात लाखांवरून दहा लाख झाली आहे, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर टीसीएस लागतच नाही. स्वतःच्या बचतीतून बारा लाख एकाच्या नावानं पाठवले तर वरच्या दोन लाखांवर कापला जाईल. तो बुडत नाही, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच मिळतो. म्हणून आई आणि बाबा मिळून पाठवणार असतील तर कोण किती पाठवणार हे आधी कागदावर मांडा.

आता कळीचा मुद्दा. "पैसे कमी पडत असतील तर आम्ही बघतो" याचा अर्थ काय हे मी माझ्या कामात पाहिलं आहे. चार आठवड्यांसाठी कुणाचे तरी पैसे तुमच्या नावावर, त्याला व्याज, आणि काम झालं की परत. जर्मनीच्या बाबतीत ही चलाखी फार काळ टिकतही नाही, कारण परवान्याचं नूतनीकरण करताना पुढच्या काळाचा पुरावा परत मागतात. तेव्हा बारा लाख कुठून आणायचे? मुलीनं तिथे परक्या शहरात बसून? कर्ज काढा, नातेवाइकांकडून लेखी उसने घ्या, एक वर्ष थांबा, पण या वाटेला जाऊ नका. मी हात जोडून सांगतो.

---

इंदापूरकर | २० जून, दुपारी १.४०

सगळे एजंटच्या विरोधात लिहितायत म्हणून माझी बाजू मांडतो.

माझं गाव इंदापूर तालुक्यात. घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. वडिलांना पासपोर्ट म्हणजे काय हेही सांगावं लागलं. मला २०२३ साली आयर्लंडला जायचं होतं तेव्हा कुणाला विचारणार? इथं ज्यांच्या घरात चार जण परदेशात आहेत त्यांना "स्वतः करा" म्हणणं सोपं आहे. मी पुण्यातल्या एका बाईंना तीस हजार दिले. त्यांनी माझ्याकडून प्रत्येक कागद दोनदा करून घेतला, एसओपी मलाच लिहायला लावली आणि चार वेळा परत पाठवली. वडिलांची शेती, उसाचं बिल येतं कधी, सोसायटीचं कर्ज किती, हे सगळं एका पानात कसं मांडायचं ते शिकवलं. उसाचे पैसे वर्षातून एकदोनदा एकरकमी येतात, तिकडच्या अधिकाऱ्याला खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की शंका येणारच. बाईंनी कारखान्याच्या पावत्या जोडायला लावल्या. ते मला सुचलं नसतं.

मदत विकत घेण्यात कमीपणा नाही. मदत कशाची आहे ते बघा एवढंच.

---

गच्चीवरून | २० जून, दुपारी २.१५

इंदापूरकर, पटलं. मी घाईनं सगळ्यांना एका रांगेत बसवत होतो. तुमच्या बाईंनी तुम्हाला शिकवलं. रानजाईताईंना भेटलेले लोक एसओपी लिहून *देणार* आहेत. फरक तिथे आहे.

---

सायकलस्वार | २० जून, दुपारी २.२१

इंदापूरकर, तुमच्या बाईंना मानलं. चपला काढून ठेवल्या.

---

मोडीवाचक | २० जून, दुपारी ४.३०

एका गोष्टीकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही आणि ती खास आपली मराठी अडचण आहे : नाव.

विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि नावाच्या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव एकत्र. आधारवर कधी तिसराच क्रम. आपल्याला तिन्ही ठिकाणी एकच माणूस दिसतो. जर्मन कारकुनाला तीन दिसू शकतात. माझ्या पुतणीच्या दहावीच्या प्रमाणपत्रात वडिलांच्या नावाला शेवटी 'राव' आहे, पासपोर्टमध्ये नाही. तिला प्रतिज्ञापत्र करावं लागलं की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची.

आणि तिकडे गेल्यावर 'दिलेलं नाव' म्हणून वडिलांचं नावही तिच्या नावाला कायमचं जोडलं जाईल. बँकेत, विम्याच्या कार्डावर, सगळीकडे. बँक, विमा, विद्यापीठ, नगरपालिका, चारही ठिकाणी पासपोर्टप्रमाणे जसंच्या तसं लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव गाळलं की पुढे पत्रव्यवहार दुप्पट.

सगळे कागद आज जेवणाच्या टेबलावर पसरा आणि स्पेलिंग अक्षर न अक्षर ताडून बघा. पालखीमुळे घरातच आहात, याहून चांगला मुहूर्त नाही.

---

रानजाई | २० जून, रात्री ९.५०

मोडीवाचककाका, पसरले! बारावीच्या गुणपत्रिकेत माझं नाव चुकीचं आहे, 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'. चार वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पासपोर्टचं आणि पदवीचं मात्र जुळतंय. एपीएसही त्याच नावानं आहे.

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. आमची आठ लाखांची तयारी आहे, उरलेल्यासाठी कर्ज काढायचं ठरतंय. "आम्ही बघतो" हा विषय आमच्या घरापुरता संपला.

---

अर्धाकप | २१ जून, सकाळी ८.००

जर्मनीच्या धाग्यात अमेरिका घुसवतेय, पण व्हिसा आणि राहण्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिथे अजून ठळक दिसतं.

मी एफ-१ वर, म्हणजे तिथल्या विद्यार्थी व्हिसावर आहे. पासपोर्टवरचा व्हिसा फक्त दारावर उभं राहण्यापुरता. किती दिवस राहता येईल ते देशात शिरताना होणाऱ्या आय-९४ नोंदीवर ठरतं. तिथे विद्यार्थ्यांना तारीखच नसते, 'डी/एस' असतं. म्हणजे विद्यार्थी म्हणून नीट शिकत आहात तोवर. व्हिसा संपला तरी आय-२०, म्हणजे विद्यापीठानं दिलेला प्रवेशाचा दाखला, चालू असेल तर देशात राहता येतं, बाहेर पडलात तर मात्र परत येताना नवा व्हिसा लागतो. उलटही खरं : पाच वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर झळकतोय आणि तुम्ही न सांगता विषय कमी केलेत, पूर्णवेळ विद्यार्थी राहिला नाहीत, तर व्हिसा असून उपयोग नाही. पत्ता बदलला तरी दहा दिवसांत कळवायचं.

यंदाची मुलं फार भरडली गेली. २७ मेपासून नव्या मुलाखतींच्या वेळा देणं थांबवलं होतं, १८ जूनला पुन्हा सुरू करतोय असं जाहीर झालं, पण आता समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक ठेवायला सांगितली आहेत. माझ्या चुलतभावाचं विद्यापीठ ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं. अजून तारीख नाही. रोज रात्री दोनला उठून पोर्टल बघतो. काकू त्याच्यासोबत जागी असते, चहा करून देते.

---

पानशेतचं_पाणी | २१ जून, सकाळी ११.१०

इंग्लंडवाल्यांसाठी एक, कारण आमच्या घरात रडारड झाली होती.

तिथे फी आणि राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. २०२५च्या जूनमधला दर : लंडनमध्ये महिन्याला १,४८३ पौंड, बाहेर १,१३६, नऊ महिन्यांपर्यंत. अट *सलग*ची आहे. माझ्या भावाच्या वेळी पैसे बाबांच्या खात्यात नीट होते. एकविसाव्या दिवशी बाबांना दवाखान्यात न्यावं लागलं आणि मी त्याच खात्यातून चाळीस हजार भरले. तिसऱ्या दिवशी परत टाकले. अर्ज नाकारला गेला. नियमाप्रमाणे बरोबरच होतं, शिल्लक दोन दिवस खाली गेली होती. परत २८ दिवस मोजले, परत फी, परत आरोग्य अधिभार, तो विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे. पहिल्या वेळचा परत मिळाला, पण भाऊ दोन आठवडे उशिरा वर्गात बसला.

त्या पैशांना वेगळं खातं उघडा आणि त्याचं कार्ड कपाटात ठेवा.

---

निळं_शाईपेन | २१ जून, दुपारी १२.३०

पैशांवर एवढं बोलणं चाललंय म्हणून लिहिते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. समाजकल्याण आयुक्तालय इथेच, पुण्यात चर्च रोडला. विद्यापीठांच्या क्यूएस या जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आतलं विद्यापीठ लागतं, राज्यातून पंचाहत्तर जागा. मी त्यातून इंग्लंडला शिकले. शिष्यवृत्तीचं पत्र हाच माझा आर्थिक पुरावा होता, खात्यात अठ्ठावीस दिवस पैसे दाखवायची वेळ आली नाही. माझी आई धुण्याभांड्याची कामं करायची. तेवढे पैसे आम्ही अठ्ठावीस मिनिटंही दाखवू शकलो नसतो.

ज्या मुलांना लागू आहे त्यांच्यापर्यंत हे पोचवा. कित्येकांना अर्जाची मुदत गेल्यावर कळतं.

---

जुईचा_वेल | २१ जून, दुपारी १२.४५

निळं_शाईपेन, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

---

दुपारचा_चहा | २१ जून, दुपारी ३.३०

अवांतर आहे, पण पुण्याचा धागा आहे म्हणून राहवत नाही. इरावतीबाई कर्वे १९२८ मध्ये पीएच.डी.साठी बर्लिनला गेल्या. सासरे धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य झिजवलेला माणूस, आणि त्यांचाच या जाण्याला विरोध होता. दिनकररावांनी बायकोच्या बाजूनं उभं राहून जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं. १९३०मध्ये बाई डॉक्टरेट घेऊन परत आल्या आणि पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी उभं केलेलं काम आपण सगळे जाणतो.

म्हणजे घरात मतभेद आणि वर कर्ज, ही पुण्याहून जर्मनीला जाण्याची जुनीच रीत आहे. रानजाईताई, तुम्ही एकट्या नाही.

---

मोडीवाचक | २१ जून, दुपारी ३.५०

वा! त्या वेळी बोटीनं जायचे. पत्र पोचायलाच काही आठवडे.

---

सायकलस्वार | २१ जून, दुपारी ३.५२

पत्रपेटीवर नाव असेल तर.

---

कर्वेनगरी | २२ जून, रात्री ८.४५

मुलीच्या बाबांच्या बाजूनं कुणीतरी बोलायला हवं. मीही एक बाप आहे. मुलगा २०२३ मध्ये गेला, जर्मनीलाच.

आपण पासष्ट हजार देतो ते कागदांसाठी नाही, स्वतःच्या भीतीसाठी देतो. मुलं जिथे जाणार आहेत तिथलं आपल्याला काही माहीत नाही. भाषा माहीत नाही, कचेरी कुठे माहीत नाही. शाळेच्या प्रवेशाला आपण पहाटे रांग लावली, दुचाकीच्या परवान्याला सोबत गेलो, इथे मात्र हातात काहीच नाही. मग जो टेबलापलीकडे बसून "काळजी करू नका" म्हणतो त्याला पैसे देतो.

मी दिले. व्हिसा मिळाला. पण मुलगा तिकडे गेला तेव्हा त्याला स्वतःच्या अर्जात काय लिहिलंय हेच नीट माहीत नव्हतं. परवान्याच्या वेळी विमा कुठला, करार कुठला विचारलं तर मला व्हॉट्सॲप करायचा, मी कन्सल्टन्सीत फोन करायचो, ते उचलायचे नाहीत. पुण्यात मध्यरात्र झालेली असायची. शेवटी त्याचा त्यानंच शिकला, पण जे जूनमध्ये घरच्या टेबलावर शिकायचं ते थंडीत एकट्यानं शिकला.

ताई, त्यांना सांगा, मुलीला करू द्या. आणि बाबांनी शेजारी खुर्ची टाकून बसावं. भरलेला प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचावा. माझं ते राहून गेलं.

---

गच्चीवरून | २२ जून, रात्री १०.२०

कर्वेनगरीकाका, तुमच्या प्रतिसादापुढे माझ्या सगळ्या सूचना फिक्या आहेत. तरी कामापुरतं लिहून ठेवतो.

२०२५च्या जानेवारीपासून जर्मनीचे राष्ट्रीय व्हिसाचे अर्ज त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर भरता येतात. कागद आधी तिथे चढवायचे, मग मूळ प्रती आणि बोटांचे ठसे द्यायला प्रत्यक्ष जायचं. शुल्क ७५ युरो, रुपयांत. घाई करण्याचं एक कारण यंदा नवं आहे : नकार आला तर पूर्वी वकिलातीकडेच फेरविचाराचा अर्ज, रिमॉन्स्ट्रेशन, करता यायचा. येत्या १ जुलैपासून तो मार्ग बंद होतोय. मग नवा अर्ज किंवा थेट बर्लिनच्या न्यायालयात दाद. म्हणजे पहिलाच अर्ज चोख हवा.

एसओपी तिनंच लिहावी, तिच्याच इंग्रजीत. सहकारनगरचा आंबील ओढा २०१९च्या सप्टेंबरात फुटला तेव्हा ती तिथेच राहत असेल ना? पर्यावरण अभियांत्रिकी का, याचं उत्तर तिच्या घराशेजारून वाहतं. ते कुठलाही एजंट लिहून देऊ शकणार नाही.

आणि हो, तिथे काम : मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. पहिल्या सत्रात त्या भरवशावर हिशेब मांडू नका.

---

रानजाई | २२ जून, रात्री ११.३०

त्या रात्री पाणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये होतं. ती अकरावीत होती. वरच्या मजल्यावरच्या आजींना तिनं आणि बाबांनी मिळून धीर दिला होता. तुम्ही ते लिहिलंत आणि ती आत्ता लॅपटॉप घेऊन बसली आहे. पहिली एसओपी पुसून टाकली म्हणाली.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसलेत. मी काही बोलले नव्हते, फक्त कर्वेनगरींचा प्रतिसाद फोनवर उघडून टेबलावर ठेवला होता.

---

हिशेबनीस | २३ जून, सकाळी ९.१५

कर्जाचं मंजुरीपत्र मिळाल्यावर त्यात रक्कम युरोत किंवा रुपयांत काय लिहिलंय ते बघा. आणि युरो चढला तर कमी पडू नये म्हणून पन्नासेक हजार जास्तीचे धरा.

---

रानजाई | २८ ऑगस्ट, रात्री ९.००

मंडळी, व्हिसा आला! काल गणपती बसले आणि आज दुपारी पासपोर्ट हातात आला. उकडीचे मोदक शिल्लक होते, तेच वाटले.

अर्ज पूर्ण तिनं भरला. एकदा कागद परत आला, विम्याच्या पत्रात सुरुवातीची तारीख विमान उतरण्याच्या दोन दिवसांनंतरची होती. ती बाबांनी पकडायला हवी होती असं तेच म्हणतात. कर्ज झालं, टीसीएस लागला नाही. बारावीच्या गुणपत्रिकेतला 'डब्ल्यू' कुणी विचारला नाही. व्हिसा सहा महिन्यांचाच आहे. पण आता त्या तारखेकडे बघून पोटात गोळा येत नाही. तिनं कॅलेंडरमध्ये संपायच्या तीन महिने आधीची खूण करून ठेवली आहे.

---

अर्धाकप | २८ ऑगस्ट, रात्री १०.४०

अभिनंदन ताई!! चुलतभावालाही शेवटी तारीख मिळाली, वांद्रे-कुर्ला संकुलात. आदल्या रात्री काकूसोबत मुंबईला आत्याकडे राहिला. आत मोबाइल नेता येत नाही, काकू त्याचा फोन घेऊन बाहेर दोन तास उन्हात उभी. तीन प्रश्न विचारले, दोन मिनिटांत बाहेर. एक आठवडा उशिरा पोचला, विद्यापीठानं परवानगी दिली. तिथे आता 'डी/एस' काढून ठरावीक चार वर्षांपर्यंतची मुदत घालायचा प्रस्ताव आला आहे. तसं झालं तर आम्हालाही जर्मनीवाल्यांसारखं मुदतवाढीमागे धावावं लागेल.

---

इंदापूरकर | २९ ऑगस्ट, सकाळी ६.५०

अभिनंदन. गावाकडून येणाऱ्या कुणाला अर्ज वाचून हवा असेल तर मला निरोप टाका. मी वाचून देईन. पैसे नकोत.

---

कर्वेनगरी | २९ ऑगस्ट, सकाळी ९.३०

बाबांना माझा नमस्कार सांगा.

---

रानजाई | २२ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

आज पाडवा. तिच्याशिवायची पहिली दिवाळी, सकाळपासून घर मोठं वाटतंय.

ती पोचून तीन आठवडे झाले. खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, दोघींत एक स्वयंपाकघर. सहाव्या दिवशी पत्त्याची नोंद झाली. बँकेत खातं उघडलं, ९९२ युरोंचा पहिला हप्ता आला. विम्याच्या लोकांनी कार्ड पाठवलं आहे. निवास परवान्याचा अर्ज तिनं गेल्या आठवड्यात टाकला, व्हिसाला अजून पाच महिने असताना. पोच आली आहे. फोटो आता कागदावर घेत नाहीत म्हणे, डिजिटलच लागतो, तो तिनं तिथेच काढला.

गच्चीवरून, तुमच्यासाठी एक सांगायचं होतं. आज सकाळी तिनं फोटो पाठवला. तुळशीचा नाही, पणत्यांचा नाही. इमारतीच्या खालच्या पत्रपेट्यांची रांग, राखाडी रंगाच्या, आणि डावीकडून चौथीवर पांढऱ्या चिठ्ठीवर आमचं आडनाव. सुवाच्य, मोठ्या अक्षरांत. बाबांनी तो फोटो मोठा करून दोनदा स्पेलिंग वाचलं.

---

गच्चीवरून | २२ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

तिला म्हणावं, वर सेलोटेप लाव. हिवाळ्यात ओल येते, शाई उतरते.